कपाटातील बंद घड्याळाविषयी

शाळेच्या कार्यालयातील काचेच्या कपाटात ठेवलेले खिशातले घड्याळ बंद पडून बरीच वर्षे लोटली. सकाळच्या वंदनेपासून रात्री दिवे मालवेपर्यंत वसतिगृहाची घंटा एके काळी याच घड्याळावर होत असे, हे जुन्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. यंदाच्या महोत्सवानिमित्त ते पुन्हा चालू करावे, हा विचार आनंदाचा आहे. मात्र आतील यंत्र काढून सेलवर चालणारे यंत्र बसवावे, या सूचनेस आमचा स्पष्ट विरोध आहे. तबकडी तीच, झाकण तेच आणि आत दुसरेच काही, अशा घड्याळाला वसतिगृहाचे घड्याळ कसे म्हणावे?

'कोणीतरी चावी जास्त दिली म्हणून ते बिघडले,' असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. बिचाऱ्या कोणा शिपायावर वा मुलावर हा ठपका बसलाही असेल. वस्तुतः चावी पूर्ण भरल्याने घड्याळ बंद पडत नाही. स्प्रिंग भरलेली असूनही चक्रे हलत नसतील, तर बहुधा आतले तेल सुकून चिकट झालेले असते, किंवा बॅलन्स चक्राच्या आसाचे केसाएवढे टोक मोडलेले असते. उलट चावी कितीही फिरवली तरी हाताला ताण लागत नसेल, तर स्प्रिंग तुटली किंवा आकड्यातून सुटली असे समजावे. काटे एकमेकांत वा काचेला अडकत नाहीत ना, हे तर झाकण उघडण्याआधीच दिसते. आडवे ठेवल्यास चालते आणि उभे धरल्यास थांबते, तेव्हा संशय बॅलन्सच्या आसावर घ्यावा. चालू घड्याळ एकाएकी तासाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागले, तर हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागून तिचे वेढे एकमेकांस चिकटलेले असू शकतात. (कपाटाला टेकून ध्वनिवर्धक ठेवलेला आहे, त्यात चुंबक असते. तो आधी हलवावा.)

पारख झाल्यावरच हत्यार हाती घ्यावयाचे. त्यातही स्प्रिंगमधील ताण चावी धरून हळूहळू उतरवल्याखेरीज आतील पूल सोडवू नये. नाहीतर चक्रे भरकन फिरून दात व टोके मोडतात. अशा घड्याळाचे ठोके बहुधा तासाला १८,०००, म्हणजे दिवसाला ४,३२,००० पडतात. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत दोन मिनिटांचा फरक पडला, तर चूक हजारात दीडहूनही कमी! जुन्या यंत्राची ही इमानदारी पाहून त्याला भंगार म्हणवत नाही.

आमच्या आग्रहामागे आणखी एक कारण आहे. हातकाम म्हटले की आपल्या समाजातील पालक दचकतात, आणि ते योग्यच आहे. जन्माने गळ्यात बांधलेली कामे टाकून देण्यासाठीच आपल्या वाडवडिलांनी मुलांना शाळेत धाडले. परंतु बारा बलुत्यांत घड्याळजी कधीच नव्हता. हे काम कोणाच्या जातीने नेमून दिलेले नाही. ते भिंग, चिमटा आणि तर्क यांच्या बळावर शिकता येते. विज्ञानाच्या पुस्तकातील तरफ, घर्षण आणि दोलन एका तळहातावर दाखवणारे दुसरे साधन आमच्या तरी पाहण्यात नाही.

म्हणून आमची सूचना अशी : जाणत्या कारागिराला बोलावून नववीच्या मुलामुलींसमोर हे घड्याळ उघडावे. दोष काय असावा, हे आधी मुलांनी लिहून द्यावे, मग झाकण काढावे. सुटे भाग बाजारात नवे मिळणार नाहीत. त्याच बनावटीचे दुसरे बंद घड्याळ शोधावे लागेल. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी असे घड्याळ पडून असल्यास त्यांनी कार्यालयास कळवावे. यास काही महिने लागतील. सोहळ्याच्या दिवशी ते बंदच राहिले तरी हरकत नाही. जो भाग बदलावा लागेल, तो मात्र फेकून न देता त्याच कपाटात, मुलांनी लिहिलेल्या चिठ्ठीसह ठेवावा.