आर्मवरचे चार आणे

रेकॉर्ड अडकायला लागली की आर्मच्या डोक्यावर चार आण्यांचं नाणं ठेवायचं, हा उपाय शहापूर-मुरबाड पट्ट्यात जुना प्लेअर बाळगणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ला चलनातून गेलं. मी उघडलेल्या प्लेअरांवर मात्र ते अजून सापडतं, बहुतेक वेळा चिकटपट्टीनं घट्ट बसवलेलं. मुंबईतल्या शौकिनांकडे याच दुखण्यावर वेगळा इलाज असतो: आर्मच बदलून टाका, परदेशी बसवा. त्याची किंमत पन्नास हजारांच्या घरात जाते. माझं म्हणणं असं, की हे दोन इलाज वेगळे नाहीतच. एकजण वजन ओततो, दुसरा पैसा ओततो. रेकॉर्ड का अडकते, हे दोघंही विचारत नाहीत.

आर्मचं काम फार मोठं वाटतं, पण आहे साधं. सुईला योग्य वजनानं, योग्य कोनात खाचेत धरायचं आणि बाकी वेळ आडवं यायचं नाही. खाच आत सरकेल तसं आपणही आत सरकायचं. आर्मला ओढून नेणारं दुसरं काहीच नसतं. खाचेची भिंतच सुईला ढकलते आणि सुईमागून सबंध आर्म येतो. म्हणजे आर्मच्या सांध्यात जेवढं घर्षण, तेवढा भार त्या प्लॅस्टिकच्या भिंतीवर. चाळीस-पन्नास पावसाळे खाल्लेल्या यंत्रात सांध्यातलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. आपोआप बंद होणाऱ्या, थप्पीतली पुढची रेकॉर्ड खाली टाकणाऱ्या चेंजरमध्ये तर आर्मच्या बुडाशी दांड्या आणि पट्ट्यांचं एक जंजाळ असतं, तेही जाम. भिंतीला एवढा भार पेलवत नाही, सुई उडी मारते आणि मागच्याच फेरीत येऊन पडते. यालाच आपण ‘रेकॉर्ड अडकली’ म्हणतो. अडकलेला असतो आर्म, नाव रेकॉर्डचं होतं.

आता वर नाणं ठेवा. स्टीलचं चार आण्यांचं नाणं पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतं. तीन ग्रॅमवर चालायला हवी त्या सुईवर जवळजवळ दुप्पट भार. ती उडी मारत नाही हे खरं, कारण आता ती खाच नांगरत जाते. एल.पी.च्या एका बाजूची खाच उलगडली तर चारशे मीटरच्या पुढे भरेल. तेवढ्या लांबीवर आपण दर वेळी नांगर फिरवतो, आणि वर खुश असतो की बाबा, वाजतंय.

चावीच्या ग्रामोफोनवाल्या पिढीला हे कळत होतं. ती माणसं दर बाजूला पोलादी पिन बदलत. पिन झिजते, ती फेकायची असते, हे त्यांच्या हाताच्या सवयीत होतं. पुढे नीलमाची सुई आली, हिऱ्याची आली, आणि सुई कायमची असते असा समज झाला. त्यात सिरॅमिक कार्ट्रिजच्या फिरवायच्या सुया: एका अंगाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीसाठी जाड टोक, दुसऱ्या अंगाला एल.पी. आणि ४५साठी बारीक. खटका चुकीच्या बाजूला राहिला की जाड टोक बारीक खाचेत घुसतं. आवाज येतो, फक्त घोगरा. मग रेकॉर्डच खराब आहे म्हणून बोळवण.

यात पणाला काय लागलंय, ते नीट पाहू. या दोन तालुक्यांतले जुने प्लेअर दिवाणखान्यातून आलेले नाहीत. ते बहुतेक लग्नाच्या मांडवातून आलेत. लाउडस्पीकरवाल्याकडे प्लेअर, अॅम्प्लिफायर, दोन कर्णे आणि पत्र्याच्या पेटीत रेकॉर्डी. हळदीला, सत्यनारायणाला, जयंतीला, म्हशाच्या जत्रेला त्या वाजल्या. सिनेमाची गाणी होतीच, पण प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजातली लोकगीतं, भीमगीतं, भक्तिगीतंही होती, पुष्कळदा लहान ४५च्या तबकडीवर. आता हळदीला डीजे असतो. पेट्या माळ्यावर गेल्या आणि तिथून भंगारवाल्याकडे. आमच्या तानसा-भातसाचं पाणी जसं मुंबईला जातं, तशा या तबकड्याही मुंबईच्याच वाटेला लागतात. तिथे चांगल्या अवस्थेतली विकली जाते, खरवडलेली तबकडी हॉटेलच्या भिंतीवर शोभेला टांगली जाते. तिला भिंतीवर धाडणारा पहिला हात कुणाचा? चार आणे ठेवणाराचा.

‘सगळं यूट्यूबवर आहे’ असं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: तिथे ते चढवलं कुणी? कुणीतरी ती तबकडी धडक्या आर्मवर वाजवली, म्हणून चढलं. मुंबईत १९९०मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी राहिली. डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी वर्षानुवर्षं जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या माहितीचं आणि जतनाचं काम केलं. पण संग्राहक जपतो ते त्याच्या हाती पोचलेलं. टोकावड्याच्या किंवा डोळखांबच्या माळ्यावरची पेटी त्याच्या हाती पोचेपर्यंत तिच्यात काय शिल्लक राहतं, हे इथला आर्म ठरवतो.

आता शहरी इलाजाकडे येतो. महागडा आर्म वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. तो उत्तम असतो, पण त्याच्या जोडीला तशीच कार्ट्रिज आणि तसंच टर्नटेबल लागतं. आर्मचं वस्तुमान आणि सुईची लवचीकता मिळून त्या जोडीचं एक स्वतःचं कंपन ठरतं. ते ८ ते १२ हर्ट्‌झच्या दरम्यान असावं, असा सर्वमान्य हिशेब आहे. त्याखाली गेलं तर वाकड्या रेकॉर्डनं आणि घरातल्या पावलांनी आर्म डचमळतो. फार वर गेलं तर गाण्यातच लुडबुड करतं. स्वस्त कार्ट्रिज, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निकाची ३६००एल, कडक सुईची असते आणि ३ ग्रॅमच्या आसपास चालते. कडक सुईला थोडा जड आर्मच मानवतो. म्हणजे सत्तरच्या दशकातला धातूच्या नळीचा, काउंटरवेटवाला साधा आर्म हीच तिची योग्य जोडी. पन्नास हजारांचा हलका आर्म आणून त्यावर ही कार्ट्रिज लावणं म्हणजे बैलगाडीला मोटारीचं स्टिअरिंग बसवणं. परदेशातही हेच दिसतं. लेन्को एल७५ या नामांकित स्विस टर्नटेबलच्या आर्ममध्ये सुरीच्या धारेसारखा सांधा रबराच्या दोन छोट्या खाचेदार ठोकळ्यांवर टेकतो. ते रबर कुजतं, आर्म डगमगतो, आणि कितीतरी लोकांनी तेवढ्यावरून आर्म मोडीत काढले. जाणत्यांनी फक्त ठोकळे बदलले.

तेव्हा माझा हिशेब पाच हजारांच्या आतला आहे आणि त्यातलं निम्मं काम फुकट आहे. सांधा उघडा, जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा, घड्याळजी वापरतो त्या तेलाचा एक थेंब पुरे. चेंजर असेल तर आर्मला आडवी येणारी आपोआप बंद होण्याची दांडी सोडवून ठेवा. गाणं संपल्यावर उठून आर्म उचलायला काय होतंय? मग काउंटरवेटनं आर्म तरंगता ठेवा आणि हळूच फुंकर मारा. तो विनासायास सरकला, कुठेही न अडखळता, तर सांधा सुटला. एवढ्यानंच बहुतेक ‘अडकणाऱ्या’ रेकॉर्डी अडकायच्या थांबतात.

मग वजन. काही शे रुपयांचा छोटा डिजिटल काटा घ्या किंवा ओळखीच्या सराफाकडे प्लेअर घेऊन जा. काट्याचं तबक लोखंडी असेल तर मध्ये लाकडाची चकती ठेवा, नाहीतर कार्ट्रिजमधला चुंबक तबकाला ओढतो आणि आकडा खोटा येतो. सुई साधारण रेकॉर्डच्याच उंचीवर असू द्या. मग कोन: कागदावर छापलेला मोजपट्टीचा नमुना घेऊन मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर कार्ट्रिज सरळ बसते का ते पाहा. शेवटी नवी कार्ट्रिज आणि तिच्यासाठी छोटा फोनो प्रीअॅम्प, कारण चुंबकी कार्ट्रिजचा आवाज सिरॅमिकच्या तुलनेत फारच क्षीण असतो, थेट जोडला तर ऐकूही येणार नाही. खर्च होतो तो इथेच.

यावर शुद्धतावादी ओरडतील: मूळ यंत्राला हात लावला! लावला. काढलेला प्रत्येक स्क्रू आणि दांडी डबीत घालून, चिठ्ठी लावून ठेवा, हवं तेव्हा परत बसवा. यंत्राचं मूळपण आणि तबकडीचं मूळपण यांत निवड करायची असेल तर मी तबकडी निवडेन. दांडी परत बसते, खाच परत येत नाही.

काही यंत्रांत आर्मच मेलेला असतो: प्लॅस्टिकचा, चिरलेला, काउंटरवेट नसलेला, नव्या कार्ट्रिजला जागाही नसलेला. तिथे आर्म बदलावाच लागतो, पण तिथेही लाखाची गोष्ट नको. जगभरचे हौशी लोक लाकडाचे आणि बांबूचे आर्म बनवतात, एका टोकदार पोलादी अणीवर तोललेले. बांबू पोकळ, ताठ आणि स्वतःचं कंपन गिळणारा. आपल्याकडे टोपल्या, कणग्या, सुपं विणणारे हात आहेत, बांबूचं कोणतं पेर सरळ आणि कोणतं फुटेल हे बोटांनी सांगणारे. सुतार आहे, लेथवाला आहे, घड्याळजी आहे. नऊ इंचांची एक काठी, एक अणी, एक वजन. यात परदेशातून काय आणायचं आहे? वायर आणि कार्ट्रिज, बस.

‘अपग्रेड’ हा शब्द आपण दुकानदाराकडून उचलला. त्यात जुनं टाकण्याची घाई आहे आणि समजून घेण्याचा आळस आहे. नाण्यातही तोच आळस होता, फक्त स्वस्त. ज्यांच्या माळ्यावर अजून एखादी पेटी आहे त्यांना एवढंच सांगणं: रेकॉर्ड वाजवण्याआधी आर्मवर फुंकर मारून पाहा. तो हलला नाही, तर तोवर रेकॉर्डही वाजवू नका.