मुक्काम लुंबिनीचा, हिशेब घरचा



परदेशात सुट्टीला जायचे म्हटले की आपल्या वस्तीत अजून लोक हसतात. 'ते साहेबलोकांचे काम' म्हणतात. पण नेपाळ हाही परदेशच आहे आणि तिथे जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. मोठ्या माणसांजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असले की झाले. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सुमारे १०० किलोमीटरवर सोनौलीची सरहद्द, पलीकडे भैरहवा आणि तिथून २२ किलोमीटरवर लुंबिनी. पालिकेतली, कारखान्यातली, घरकामाला जाणारी कितीतरी माणसे बोनस आणि भिशीचे पैसे जमवून हा प्रवास करतात. तिकीट दोन महिने आधी काढतात, राहायचे कुठे हे मात्र 'तिथे गेल्यावर बघू' म्हणतात. मग सरहद्दीवर उतरल्याबरोबर दलाल गाठतो. आई थकलेली, लेकरे झोपेला आलेली, तेव्हा तो सांगेल ती खोली आणि तो सांगेल तो भाव. म्हणून आम्ही म्हणतो, हॉटेल घरी बसून, वही-पेन घेऊन निवडावे.

पहिला प्रश्न जागेचा. 'लुंबिनीत हॉटेल' एवढ्यावर विश्वास ठेवू नये. लुंबिनीचा परिसर जपानी वास्तुविशारद केंझो टांगे यांच्या १९७८ च्या आराखड्याप्रमाणे उभा राहिला आहे. तो साधारण ५ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद आहे. मायादेवी मंदिर व अशोकस्तंभ दक्षिण टोकाला, तर शांतिस्तूप उत्तर टोकाला. म्हणून फोनवर सरळ विचारावे : 'मायादेवी मंदिराच्या दाराशी पायी किती मिनिटांत पोचू?' म्हातारी माणसे बरोबर असतील तर हाच प्रश्न सर्वांत मोठा.

आता बेरीज करू. समजा, भैरहव्यात खोली १,००० रुपयांना मिळते आणि लुंबिनीच्या दाराजवळ १,५०० ला. पाचशे वाचले असे वाटते. पण भैरहव्याहून जायला-यायला गाडी ठरवली आणि तिचे १,२०० गेले, तर स्वस्त खोली ७०० रुपयांनी महाग पडली. बस असते, पण संध्याकाळी लेकरांना घेऊन तिची वाट बघायची तयारी हवी. खोलीचा भाव एकटा पाहू नये, दिवसाचा सगळा खर्च पाहावा.

दुसरा प्रश्न नाण्याचा. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६० रुपये. तिकडे लोक आपल्या रुपयाला 'आयसी' आणि त्यांच्या रुपयाला 'एनसी' म्हणतात. मालक '२,४०० रुपये' म्हणाला, तर 'आयसी की एनसी?' हे तिथल्या तिथे विचारावे. एनसी असेल तर आपले १,५०० होतात, आयसी असेल तर आपले पुरते २,४०० जातात. ठरवताना एक आणि निघताना दुसरे, असे झगडे आम्ही पाहिले आहेत. त्यावर औषध एकच, भाव संदेशात लिहून घेणे. शिवाय 'कर धरून किती?' हेही विचारावे. नेपाळात १३ टक्के मूल्यवर्धित कर आहे. २,४०० वर ३१२ वाढले की २,७१२ होतात.

तिसरा प्रश्न ऋतूचा. लुंबिनी तराईत आहे, हिमालयाच्या गारव्यात नाही. वैशाख पौर्णिमेला तिथे कडक ऊन आणि तोबा गर्दी असते. तेव्हा जायचे तर पंखा की एसी, वीज गेल्यावर काय सोय, खिडकीला डासांची जाळी आहे का, हे विचारा. पौष-माघात धुके आणि बोचरी थंडी, तेव्हा गरम पाणी आणि जादा रजई विचारा. दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत बरे.

पैसा फारच तोकडा असेल तर विहाराचा विचार करावा. कोरियन विहारात वर्षानुवर्षे यात्रेकरू उतरत आले आहेत. पण तिथे सोय साधी असते आणि शिस्त पाळावी लागते. निघताना दान द्यावे, फुकट राहिलो असे मिरवू नये. काठमांडूला पुढे जाणार असाल, तर ठमेल भागात हॉटेले पुष्कळ, पण रात्री उशिरापर्यंत गोंगाट. कुटुंबाला बौद्धनाथ स्तूपाच्या आसपासचा भाग बरा.

मोबाईलवरच्या फोटोत प्रत्येक खोली मोठी दिसते. लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचावे, तेही अलीकडचे. आगाऊ पैसे कमीत कमी द्यावे आणि बेत रद्द झाला तर किती परत मिळतील हे आधी विचारावे. खोली सोडण्याची वेळ विचारून ठेवावी. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते, हेही लक्षात असू द्या.

एवढे प्रश्न विचारायला आपल्या माणसांना संकोच वाटतो. काउंटरवरचा माणूस इस्त्रीच्या कपड्यात असला की आपला आवाज खाली येतो. पण १९१७ साली बडोद्यात परदेशची पदवी घेऊन आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढले गेले, हे आपल्या घराघरात माहीत आहे. तेच बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले आणि जगभरच्या प्रतिनिधींसमोर बोलले. आपण घामाचे पैसे मोजून खोली घेतो. तेव्हा घरातल्या बाईने आत जाऊन न्हाणीघर बघावे, नळ सोडून बघावा, चादर उलटून बघावी. पटली तरच सामान आत न्यावे आणि निघताना पक्के बिल मागावे. यात उद्धटपणा काही नाही.