भिंतीआधी मोजमाप

सातारा-पंढरपूर रस्त्यावर गोंदवल्यात रात्री मालट्रकनं गिअर बदलला, की खिडकीची तावदानं थरथरतात. रहिवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल. आवाजरोधक भिंतीची मागणी रास्तच. पण किती उंच, हे आधी गणितानं ठरवा. भिंतीच्या माथ्यावरून वळून येणाऱ्या आवाजाला सरळ वाटेपेक्षा किती जास्त अंतर पडतं, त्यावर घट ठरते, हे जपानच्या माएकावांनी १९६८ मध्ये मांडलं. ट्रक जेमतेम झाकला, तर जेमतेम ५ डेसिबल. कर्कश हॉर्न बराच अडतो, इंजिनाची घरघर मात्र वळून आत येते. आणि वाटेसाठी सोडलेली फट? तिथून कमावलेलं बरंचसं निसटतं. म्हणून मोजमाप रात्री, घराच्या उंबऱ्यावर करा आणि आकडे ग्रामसभेपुढे ठेवा.