गोवावेशीच्या पुढे वडगाव आहे

नव्या वर्षाचं कॅलेंडर हाती आलं की सरकारी कार्यालयात सगळ्यात आधी काय बघतात, हे सांगायला नकोच. शुक्रवारी सुट्टी कधी, सोमवारी कधी, मध्ये एक रजा टाकली तर किती दिवस पदरात पडतात! मग बेत सुरू होतात. हैदराबाद, म्हैसूर, निदान पुणे तरी. बेळगावचं नाव मात्र कुणी घेत नाही. "बेळगावात बघायचं काय? तिथे तर आम्ही जातोच की!"

जातो हे खरं. लग्नाचा बस्ता बांधायला जातो, इस्पितळात दाखवायला जातो, येताना कुंदा आणतो. सकाळी चोर्ला घाट चढायचा, दुपारभर खडे बाजार नि गणपत गल्ली पालथी घालायची आणि रात्री जेवायला घरी. आपल्या ताटातली भाजीसुद्धा बरीचशी तिथूनच येते. इतकं असूनही बेळगाव पाहिलेला गोंयकार मला क्वचितच भेटतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की एकदा दोन दिवस आणि एक रात्र बेळगावला द्या. आणि त्यातला अर्धा दिवस वडगावला द्या.

किल्ला वगैरे बघाच. किल्ल्यात कमल बस्ती आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात बांधलेली. छतातलं दगडी कमळ बघताना मान दुखते, पण ती दुखू द्यावी. जवळच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात राहिले आणि तिथूनच ते मडगावला आले. टिळकवाडीत वीरसौध आहे. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात. परतताना खानापूरकडून आलात तर वाट वाकडी करून हलशीला जा. ज्या घराण्याचं नाव आपण आपल्या बसगाड्यांवर रंगवलंय, त्या गोव्याच्या कदंबांच्या काळातलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ तिथे आहे. कदंबा बसमधून जन्मभर फिरलेल्या माणसाने कदंबांचं देऊळ एकदा तरी बघायला नको का?

पण ही झाली यादी. अशी यादी कुठल्याही शहराची करता येते. वडगाव तुम्हाला यादीत सापडणार नाही.

बेळगावात 'गोवावेस' नावाचा भाग आहे. गोव्याकडची वेस! तिथून शहापूर, आणि शहापूरला लागून वडगाव. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं आणि तिथल्या साड्यांचं नाव दूरवर होतं. वाटेत बॅरिस्टर नाथ पै यांच्या नावाचा चौक लागतो. गोवामुक्तीसाठी संसदेत आवाज उठवणाऱ्या या माणसाने १९७१ च्या जानेवारीत देह ठेवला तो बेळगावातच. या चौकात दोन मिनिटं थांबण्याइतकं देणं आपण नक्कीच लागतो.

वडगावच्या गल्ल्यांत शिरलात की आधी आवाज येतो. घराघरांतून वीजमागांची खडखड. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. घरातली म्हातारी माणसं कांड्या भरत बसलेली, मागावर नक्षीसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. बरेचसे विणकर व्यापाऱ्याकडून सूत घेतात, साडी विणून देतात आणि मजुरी घेतात. साडीची किंमत दुकानात ठरते, मजुरी भलतीकडेच ठरते. त्यातच सुरतच्या स्वस्त साडीशी स्पर्धा. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, तेव्हा या घरांत शांतता म्हणजे काय असते ते कळलं.

माझ्या बायकोचं आजोळ वडगावात. तिचे मामा एकदा म्हणाले, "जावईबापू, साडी केवढ्याला घेतली ते सगळी माणसं सांगतात. विणायला किती वेळ लागला, ते कुणीच विचारत नाही." मला वाटतं, पर्यटन म्हणजे हे विचारणं.

वडगावचं दुसरं अंग शेतीचं. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर या शिवारातला सुवासिक तांदूळ बेळगाव बासमती म्हणून ओळखला जातो. याच सुपीक पट्ट्यातून हलगा-मच्छे बायपास आखला गेला. शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात आणि बांधावर लढले. २०२१ च्या नोव्हेंबरात पोलीस बंदोबस्तात तिथे यंत्रं उतरली. मातीचे भराव टाकून खाजनं आणि मरडं बुजताना बघितलेल्या गोंयकाराला हे समजावून सांगायची गरज नाही.

आपल्यासारख्या मराठीप्रेमींची आणखी एक तऱ्हा आहे. बेळगाव म्हटलं की आपल्याला बाजार तरी आठवतो, नाहीतर सीमाप्रश्न. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, २०१४ साली 'बेळगावी' झालं. तिथल्या मराठी माणसाचं दुखणं खरं आहे आणि मी ते हलकं करत नाही. पण पणजीत बसून त्याच्याविषयी तावातावाने बोलणारे आपण त्याच्या दारात किती वेळा गेलो? वडगावात एकाच मागावर एकाच वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही ऐकू येतात. आषाढात मंगाईदेवीच्या यात्रेला सगळी गल्ली लोटते. हा माणूस ठरावात मावत नाही.

आणि हो, पर्यटकांबद्दल आपली तक्रार काय असते? येतात, समुद्रावर लोळतात, स्वस्त दारू पितात, काजूची पाकिटं घेऊन जातात. गोवा बघतच नाहीत! काजूच्या जागी कुंदा घाला आणि बघा, बेळगावकर आपल्याबद्दल काय म्हणत असतील.

तेव्हा बेत असा करा. शनिवारी सकाळीच पोचा, म्हणजे माग चालू असताना वडगाव बघता येईल. किल्ला, बस्ती रविवारी. कुणाच्या घरात थेट मोबाईल रोखून शिरू नका. आधी विचारा, कामात खोळंबा करू नका. साडी घ्यायचीच असेल तर विणणाऱ्याकडून मिळते का पाहा, आणि तिथे घासाघीस करू नका. रात्र बेळगावातच काढा. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर चोर्ल्याला धुकं फार असतं, अंधार पडायच्या आत घाट उतरा.