मासा मेला नाही म्हणून!

दिवाळीच्या फराळात मासळी मांडल्याबद्दल शाकाहारी वाचकांनी क्षमा करावी. पण सरकारी नियमांतील एका ओळीने माझी झोप उडविली आहे. सांडपाणी बाहेर सोडण्यासाठी आपल्या पर्यावरण संरक्षण नियमांत १९९३ साली जी सर्वसाधारण मानके घातली गेली, त्यांतली एक कसोटी अशी: निव्वळ सांडपाण्यात मासे ठेवावेत; ९६ तासांनी त्यांतले शेकडा ९० जिवंत असावेत.

चार दिवस तगला, की मासा ठणठणीत! रोग्याची नाडी लागते एवढ्यावरून त्याला निरोगी ठरविणाऱ्या वैद्याला आपण उंबरठा तरी ओलांडू देऊ काय?

इंग्लंडातल्या नद्यांतही मासे मेले नव्हते. रोच जातीच्या काही माशांत मात्र नर आणि मादी एकाच देहात नांदताना आढळले. मग संशोधकांनी सांडपाण्याच्या तोंडाशी पिंजऱ्यांत ट्राउट मासे ठेवले. अंड्यातल्या बलकासाठी लागणारे प्रथिन मादीच्या यकृतात तयार होते, तेही स्त्री-संप्रेरकाचा हुकूम सुटल्यावर. येथे तीन आठवड्यांत नरांचेच रक्त त्या प्रथिनाने भरून गेले! १९९८ साली सुसान जॉबलिंग, जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले, की नेन आणि एअर या नद्यांत सांडपाण्याच्या खालच्या अंगाला तपासलेल्या झाडून साऱ्या रोच नरांत काही ना काही मादीपण शिरले आहे. बहुतेक ठिकाणी हे माणसांच्याच देहातून गेलेल्या संप्रेरकांचे काम. एअरवर त्यात लोकर धुण्याच्या साबणद्रव्यांतून उतरणाऱ्या नोनिलफिनॉलची भर. हे द्रव्य स्त्री-संप्रेरकाचे सोंग घेते आणि गाळात वर्षानुवर्षे दबा धरून बसते.

माझे एक कारखानदार स्नेही हे ऐकून हसले. म्हणाले, “अहो, दर्यामें खसखस!”

ही खसखस किती, तेही ऐका. कॅनडातल्या एका प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ या काळात कॅरन किड यांनी संततिनियमनाच्या गोळीतले संप्रेरक सोडले. प्रमाण, लिटरमागे ग्रॅमचे अवघे पाच-सहा अब्जांश. मेलेल्या माशांचा खच कुठेही पडला नाही. फक्त मिनो नावाच्या बोटभर माशांना पिलेच होईनात, आणि त्यांचा वंश तळ्यातून जवळजवळ पुसला गेला. संप्रेरक सोडणे थांबल्यावर काही वर्षांनी ते सावरले. पण डीडीटीसारख्या चिवट द्रव्यांचे काय? आपण ते शेतीतून १९८९ साली हद्दपार केले. त्यापासून होणारे डीडीई चरबीत मुक्काम करते, लहान माशातून मोठ्या माशात चढत जाते आणि नर-संप्रेरकाची वाट अडविते. अशा पाहुण्याला घालविण्यासाठी दार लावून घेणे पुरत नाही.

“मग कारखाने बंद करायचे काय?” स्नेह्यांनी विचारले. मुळीच नाही. मासे २१ दिवस ठेवा आणि नराच्या रक्तात बलकाचे प्रथिन आहे का, एवढे पाहा. रसायने पारखण्यासाठी अशी कसोटी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९ सालीच मान्य केली आहे. खर्चाचे रडगाणे ते गातीलच. मी हिशेब केला: मासे सतरा दिवस अधिक सांभाळायचे आहेत.