शिक्का नको, शिलाई बघा

कॉलेज कॅम्पस, मेट्रो, चाकणला जाणारी कंपनी बस. सध्या कुठेही बघा, खाकी नाहीतर ऑलिव्ह ग्रीन कॅनव्हासची ‘मिलिटरी बॅग’ एखाद्याच्या तरी खांद्यावर दिसतेच. आपल्या आधीच्या पिढीची शबनम होती, आपली ही. पण घ्यायला गेलं की मित्रांमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, घ्यायची तर खरी, लष्कराच्या डिस्पोजलमधली जुनीच. दुसरा म्हणतो, जुन्याचं काय लोणचं घालायचंय? तशीच दिसणारी नवी घे. मग वाद ‘ओरिजिनल की डुप्लिकेट’वर येतो आणि तिथेच अडकतो.

खरं तर हा वाद आपल्या पट्ट्यात तरी अडकायला नको. पिंपरी-चिंचवड ते चाकण, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांचा हा मुलूख. एकच ड्रॉइंग चार व्हेंडरकडे जातं. तपासणीच्या टेबलावर त्याचं माप घेतात, मटेरियल बघतात. ड्रॉइंगप्रमाणे असेल तर पास, नाहीतर रिजेक्ट. पार्ट कोणाच्या शेडमध्ये बनला यापेक्षा तो ड्रॉइंगला उतरतो का, हे महत्त्वाचं.

गंमत म्हणजे लष्करी बॅगांचंही तसंच होतं. ब्रिटिश आणि भारतीय सैन्याने दुसऱ्या महायुद्धात वापरलेल्या सामानाला ‘1937 पॅटर्न’ म्हणतात. हा पॅटर्न म्हणजे ठरलेला नमुनाच. त्याबरहुकूम माल ब्रिटनमध्ये बनला, कॅनडात बनला आणि आपल्या भारतातही बनला. बनवणारे अनेक, छटा वेगवेगळ्या, बकलंही थोडीफार निराळी. म्हणजे आज ज्याला आपण ‘एकमेव ओरिजिनल’ समजतो, तीच मुळात अनेक कारखान्यांनी काढलेली नक्कल होती. त्यामुळे ‘रिप्रॉडक्शन’ या शब्दाला नाक मुरडायचं कारण नाही. प्रश्न एवढाच, की नव्या बॅगेने नमुन्यातलं नेमकं काय उचललंय? कापड आणि शिलाई, की नुसता शिक्का?

आता आपल्या रोजच्या कामाकडे येऊ. 1937 पॅटर्नचा हॅवरसॅक, म्हणजे सैनिकाची छोटी बॅग, सगळ्यात लांब बाजूने साधारण अकरा इंच. आपला 15.6 इंची लॅपटॉप रुंदीला चौदा इंचांच्या आसपास. विषय संपला! त्या बॅगेत सैनिकाचा डबा, पाण्याची बाटली, टॉवेल-साबण असं सामान जायचं. शिवाय ती सुटी खांद्याला अडकवायची नव्हतीच. तिचे पट्टे कमरेच्या बेल्टशी आणि खांद्यावरच्या ब्रेसेसशी जोडलेले असत, म्हणजे भार वाटला जायचा. तो सगळा जोड काढून नुसती बॅग एका खांद्यावर टाकली की तोच अरुंद पट्टा खांद्यात रुततो. त्यात डबा, पाण्याची बाटली आणि शॉपफ्लोअरचे सेफ्टी शूज टाकून तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून बघा.

पावसाचंही गणित आहे. सुती कॅनव्हास भिजला की धागे फुगतात, विणीतली भोकं बुजतात आणि पाणी सहज आत शिरत नाही. चांगल्या कॅनव्हासची ही खरी कमाल. पण तोच कॅनव्हास भिजून जड होतो आणि आपल्या जुलैत लवकर वाळत नाही. वर्षानुवर्षं गोदामात पडलेल्या बॅगेत आधीच बुरशी असेल, तर पहिल्याच पावसात वास सुटतो. बहुतेक वेळा कापडाच्या आधी शिलाईचा सुती धागा कुजतो. बाहेरून बॅग भक्कम दिसते आणि एक दिवस पट्टाच हातात येतो.

म्हणून जुनी बॅग हातात घेतली की शिक्का वाचत बसू नका, ती उलटी करा. पट्टा जिथे जोडलाय तिथली शिलाई दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. कोपऱ्यात काळे ठिपके आहेत का पाहा, नाकाजवळ धरा. बकलला छोटं चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे, मुलामा गेला की गंजणार. पितळ असेल तर चिकटणार नाही. मात्र चुंबकावरून बॅगेचं वय ठरवू नका, कारण युद्धकाळातही लोखंडी बकलं वापरली गेलीच होती. सुटलेला धागा मिळाला तर जाळून बघा. सुती धाग्याची राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा मणी होतो. पॉलिएस्टर निघालं तर ती शिलाई महायुद्धाच्या काळातली नाही. संग्रह करणाऱ्याला ही खोट वाटेल. रोज बॅग वापरणाऱ्याच्या मात्र ते फायद्याचं, कारण हा धागा ओलाव्याने कुजत नाही.

एक सावधगिरी अगदी गंभीर आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक ब्रिटिश गॅस मास्कच्या फिल्टरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. मास्क ठेवायची जुनी बॅग दिसायला कितीही भारी असली, तरी तिच्यात रोजचा डबा ठेवू नका.

आणि कायद्याचंही बघा. 2022च्या आर्मी डेला लष्कराने नवा कॉम्बॅट युनिफॉर्म दाखवला. त्याच्या डिझाइनची नोंदणी झालेली आहे, त्यामुळे त्या कापडाची बॅग कोणी विकत असेल तर ती बाजूला ठेवा. आपण सैनिक आहोत असं भासवण्यासाठी लष्करी पोशाख घालणं किंवा खूण बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 प्रमाणे गुन्हा आहे. साध्या खाकी बॅगेने कोणी तुम्हाला जवान समजणार नाही, पण युनिटचं चिन्ह किंवा रँकची पट्टी लावून मिरवू नये. खडकी, दापोडी, देहूरोडच्या शेजारी राहणाऱ्यांना त्या खुणांची किंमत वेगळी सांगायला नको. ती कमवावी लागते.

आम्हाला खरी चीड येते ती तिसऱ्या प्रकाराची. नवं पातळ कापड मुद्दाम विटवायचं, कडा घासायच्या, जुनाट शिक्का मारायचा आणि ‘आर्मी सरप्लस’ म्हणून चढ्या भावाने विकायचं. यात जुन्याचं खरेपण नाही आणि नव्याचा टिकाऊपणाही नाही. पहिल्या स्टायपेंडमधून जपून पैसे काढणारा पोरगा यात हमखास फसतो. ‘नवी आहे, नमुना जुना आहे’ असं सरळ सांगणारा दुकानदार यापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

तेव्हा आमचं मत स्पष्ट आहे. रोजच्या वापराला नवी घ्या. जाड सुती कॅनव्हास, पट्ट्याच्या जोडावर चौकटीत फुलीची शिलाई, पितळी बकल आणि लॅपटॉप मावेल असं माप, एवढं तपासा. जुनीचा नाद असेल तर तोही जरूर करा, पण तिला रविवारची बॅग ठेवा: एखादं पुस्तक, छत्री, किल्ल्यावर न्यायचा सुका खाऊ. आणि ती उसवली तर टाकू नका. रिक्षाची हुडं आणि सीट कव्हर शिवणाऱ्या कारागिराकडे जाड मशीन असतं, तो पट्टा नव्याने बसवून देईल. त्यालाच कापड आणून दिलं तर कदाचित आपल्या मापाची नवी बॅगही शिवून मिळेल.

जुन्या बॅगेचा विटका रंग आपल्याला आवडतो, कारण तो कोणाच्या तरी वापराने आलेला असतो. नवी बॅग चांगल्या कापडाची घेतली, तर तीन-चार पावसाळ्यांत तीही विटेल. तोवर ती पहिल्या नोकरीच्या शिफ्टा, नाइटचे डबे आणि चुकलेल्या बस बघून झालेली असेल. तो रंग मात्र तुमचा स्वतःचा असेल.