घोड्याचा दम व धन्याची घाई

मोटारीच्या युगांत घोडा कशास, असा प्रश्न कोणी करील. परंतु सारंगखेडा व माळेगांव येथील बाजारांतून आपल्यापैकीं कित्येक शेतकरी आजही हौसेनें घोडे आणतात. आमचा आक्षेप हौसेस नाहीं, घाईस आहे. घोडा दारीं आला कीं आठ दिवसांत डांबरी रस्त्यावर भरधांव सोडावयाचा व लंगडला कीं विकावयाचा, ही रीत निंद्य होय.

हा दोष प्रस्तुत लेखकाच्याही पदरीं आहे. सेवानिवृत्तीनंतर एक घोडी घेतली. दोन महिन्यांत तिचा दम वाढलेला पाहून एकाच दिवसांत तिला पंधरा कोस नेलें. सायंकाळीं तिचा पुढचा पाय सुजला; पुढें ती कधीं दौडली नाहीं.

याचें कारण मागाहून उमगलें. घोड्याचा दम कांहीं आठवड्यांत वाढतो, मांसास कांहीं महिने लागतात. परंतु पायांच्या कंडरा व हाडें भक्कम होण्यास वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणजे घोडा आपण होऊन धांवूं पाहतो, तेव्हां त्याचे पाय कच्चेच असतात. भीमथडीचीं काटक तट्टें लांब मजला मारीत, तीं रोजच्या चालीनेंच तयार झालेलीं असत.

म्हणून पहिले तीन महिने चाल व संथ दुडकी एवढेंच काम, तेंही मातीच्या वाटेवर, द्यावें. अंतर आधीं वाढवावें, वेग मागाहून; दोन्ही एकदम वाढवूं नयेत. कष्टाच्या दिवसामागून विसावा द्यावा. घामावाटे मीठ जातें, म्हणून वाटेंत पाणी पाजावें व गव्हाणींत मिठाचा खडा ठेवावा. जबड्याखालीं बोट ठेवून नाडी मोजावी. विसाव्यांत ती मिनिटास सुमारें ३० ते ४० असते. एका दिवसांत १६० किलोमीटर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शर्यतींतही प्रत्येक टप्प्यानंतर नाडी ठराविक वेळांत साधारण ६४ पर्यंत न उतरल्यास घोडा बाद करितात.

नवा गोऱ्हा औतास जुंपतांना आपण जो धीर धरितों, तो घोड्याविषयीं कां नसावा? रोजची मजल, नाडी व पायांची सूज यांची वही प्रत्येकानें ठेवावी. महसूल खात्यांत आम्हीं जन्मभर परक्यांच्या जमिनींच्या नोंदी ठेविल्या. स्वतःच्या घोडीची मात्र ठेविली नाहीं. ती चूक वाचकांनीं करूं नये, इतकीच विनंति.